मेतेओराचे कड्यांवरील मठ: गुडघ्याचा त्रास असलेल्या आईला घेऊन जावे का?

कातळवाट (पुणे)

सर्वांना नमस्कार.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आई आणि मी ग्रीसला जात आहोत. अथेन्समधील चार दिवसांचा बेत ठरला आहे. त्यानंतरचे तीन दिवस थेसाली प्रांतातील मेतेओरा येथे, म्हणजे उभ्या सुळक्यांच्या माथ्यावर बांधलेल्या ऑर्थोडॉक्स मठांच्या परिसरात घालवावेत, असा आईचा आग्रह आहे. तिचे वय ७१ असून दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. सपाट रस्त्यावर ती दोन-तीन किलोमीटर सहज चालते आणि पायऱ्याही दमादमाने चढते, परंतु उतरताना तिला आधार लागतो.

तरुणपणी आईने राजगड, हरिश्चंद्रगड, अलंग-मदन असे अनेक गड पायाखाली घातले आहेत. त्यामुळे मेतेओराची छायाचित्रे पाहिल्यापासून ती मला एकच प्रश्न विचारत आहे: इतक्या वर दगड, चुना आणि लाकूड नेले कसे असेल? मी काही वाचून दाखवले तर ती ऐकून घेते, पण उत्तर तिला त्या कड्याखाली उभे राहूनच हवे आहे.

माझ्या शंका अशा आहेत. सहा मठांपैकी आईला कोणकोणत्या मठांत जाता येईल? अथेन्सहून एका दिवसात जाऊन येण्याच्या सहली आहेत, त्या पुरेशा ठरतात का, की तिथे मुक्काम करावा? आणि आम्ही दोघी ख्रिस्ती नसताना चालत्या-बोलत्या मठात वावरताना कोणती पथ्ये पाळावीत? कोणाच्या उपासनेच्या जागी केवळ बघे म्हणून जाणे मला नेहमीच अवघड वाटते. ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मुक्काम पोस्ट (नाशिक)

आपला प्रश्न वाचून राहवले नाही, कारण दीड वर्षापूर्वी मी माझ्या सासूबाईंना घेऊन हाच प्रवास केला. त्यांचे वय तेव्हा ७४ होते. आईंना अवश्य न्या, मात्र एका दिवसाची सहल घेऊ नका.

अथेन्सपासून मेतेओरा साधारण साडेतीनशे किलोमीटर आहे. जाण्यायेण्यात नऊ-दहा तास गेल्यावर हाती उरते काय? आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा एका पर्यटन कंपनीच्या अशाच सहलीत नाव घातले होते. तीन मठांना प्रत्येकी अर्धा तास मिळाला, त्यातला निम्मा वेळ रांगेत गेला, आणि परतीच्या बसमध्ये कोणते चित्र कोणत्या मठात पाहिले हे आम्हाला एकमेकांना सांगता येईना. ती रुखरुख मनात राहिली म्हणूनच दुसऱ्यांदा सासूबाईंसह गेलो आणि तीन रात्री राहिलो.

मुक्कामासाठी पायथ्याला दोन गावे आहेत. कालाम्बाका हे मोठे गाव असून तिथे बसस्थानक, रेल्वेस्थानक, दुकाने असे सर्व काही आहे. कास्त्राकी हे लहान खेडे सुळक्यांच्या अगदी कुशीत वसले आहे. ज्येष्ठांबरोबर असाल तर सोयीच्या दृष्टीने कालाम्बाका बरे, पण सकाळी खिडकी उघडताच समोर कातळ हवा असेल तर कास्त्राकीला तोड नाही. अथेन्सहून बसने येताना सहसा त्रिकाला येथे बस बदलावी लागते. रेल्वेबाबत एक सावधगिरी बाळगा. सप्टेंबर २०२३ मधील डॅनियल वादळाने थेसालीतील लोहमार्गांची मोठी हानी केली होती, त्यामुळे गाड्यांचे त्या वेळचे वेळापत्रक पाहूनच आरक्षण करावे.

आता मुख्य मुद्दा पायऱ्यांचा. आगिओस स्तेफानोस हा मठ आपल्या आईंसाठीच असल्यासारखा आहे. रस्ता जवळजवळ दारापर्यंत जातो, दरीवरचा छोटा पूल ओलांडला की आपण आत पोहोचतो, आणि चढ असा नाहीच. १९६१ पासून तिथे साध्वी राहतात. बाग इतक्या मायेने राखली आहे की सासूबाई पहिला अर्धा तास फुलझाडांपाशीच रेंगाळल्या. कठड्यापाशी उभे राहिले की कालाम्बाकाची लाल कौले, त्यापलीकडे पिनिओस नदी आणि थेट पिंदोस पर्वताच्या रांगा दिसतात.

त्यानंतर रूसानू. हाही साध्वींचाच मठ. सुळक्याचा माथा आणि मठाची भिंत यांच्यात बोटभरही जागा सोडलेली नाही, त्यामुळे खडक कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होते हे दुरून ओळखू येत नाही. तिथे पायऱ्या आहेत, पण वरच्या रस्त्याने आल्यास चालणे कमी पडते आणि शेवटी पूल लागतो. सासूबाईंनी वीस-वीस पायऱ्यांवर थांबत तो मठ पाहिला. वार्लाम मठाला दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आईंचा उत्साह आणि त्या दिवशीची गुडघ्याची तब्येत पाहून तिथल्या तिथे ठरवा.

मेगालो मेतेओरो, म्हणजे सर्वांत मोठा आणि सर्वांत जुना मठ, मात्र कसोटी पाहतो. वाहनतळावरून आधी बरेच खाली उतरावे लागते आणि मग समोरच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या चढाव्या लागतात. येतानाही तेच उलट्या क्रमाने. उतरण्याचा त्रास असलेल्या व्यक्तीला दोन्ही वेळा उतार वाट्याला येतो, हे छायाचित्रे पाहून लक्षात येत नाही. आगिया त्रियादा या मठाचेही तसेच आहे: आधी दरीत उतरायचे, नंतर सुमारे १४० पायऱ्या चढायच्या. तिथे दरीवरून जाणारा तारेवरचा लहानसा पाळणा दिसेल, पण तो मठवासीयांसाठी आणि सामानासाठी आहे. त्याच्या भरवशावर राहू नये.

प्रत्येक मठ आठवड्यातून एक किंवा दोन दिवस बंद असतो, हे वार मठागणिक वेगळे असतात आणि हिवाळ्यात बदलतात. नोव्हेंबर लागला की हिवाळी वेळा सुरू होतात, म्हणून आपण ऑक्टोबरात जात आहात हे उत्तमच आहे. तरीही कालाम्बाकाला पोहोचताच मुक्कामाच्या ठिकाणी त्या आठवड्याच्या वेळा विचारून घ्याव्यात. तिकीट प्रत्येक दारावर वेगळे काढावे लागते, त्यासाठी सुटे युरो जवळ ठेवा.

रंगरेषा (मुंबई)

वरील प्रतिसादात व्यवहाराची बाजू उत्तम आली आहे. मी चित्रकलेची विद्यार्थिनी म्हणून दोन शब्द लिहिते, कारण बहुतेक प्रवासी ज्या मठाला वळसा घालून पुढे जातात तोच मला सर्वांत मोलाचा वाटला.

कास्त्राकीहून वर येताना पहिला लागतो तो आगिओस निकोलाओस अनापाफ्सास. सुळक्याचा माथा इतका अरुंद आहे की बांधणाऱ्यांना आडवे पसरताच आले नाही. त्यांनी मजल्यावर मजला चढवत मठ उभा केला आणि मुख्य चर्च दुसऱ्या मजल्यावर आले. चर्च म्हणजे आपल्याकडची मोठी देवघराची खोली म्हणावी एवढेच. दहा-बारा माणसे आत आली की दाटी होते. परंतु या एवढ्याशा जागेच्या भिंती १५२७ मध्ये क्रीट बेटावरून आलेल्या थेओफानिस स्त्रेलित्झास या चित्रकाराने रंगवल्या आहेत. त्याची सही आणि साल असलेले ज्ञात असे हे सर्वांत आधीचे काम आहे. पुढे तो आथोस या उत्तर ग्रीसमधील मठांच्या पर्वतावर गेला आणि तिथल्या मोठमोठ्या मठांच्या भिंती त्याने रंगवल्या, पण हात मोकळा झाला तो इथे.

नार्थेक्समध्ये, म्हणजे चर्चच्या बाहेरच्या दालनात, आदाम प्राण्यांना नावे देत असल्याचे एक चित्र आहे. आदाम बसलेला आहे आणि त्याच्यासमोर प्राणी जमले आहेत, काही खरेखुरे तर काही चित्रकाराने ऐकीव वर्णनावरून रंगवलेले असावेत असे वाटणारे. मी त्या चित्रासमोर पाऊण तास उभी होते. बायझंटाइन चित्रांबद्दल आपल्या मनात एक ताठर, सोनेरी, गंभीर अशी प्रतिमा असते. इथे मात्र प्राण्यांच्या माना वळलेल्या आहेत, डोळ्यांत कुतूहल आहे, आणि नाव मिळण्याची वाट पाहत ते उभे आहेत असे वाटते. त्याच चर्चमध्ये संत एफ्राइमच्या देहावसानाचे चित्र आहे. मधोमध संताचा देह आहे आणि डोंगरातील गुहांमधून वृद्ध तपस्वी त्याच्या अंत्यदर्शनासाठी येत आहेत. त्या गुहांकडे पाहिले आणि मग खिडकीबाहेरच्या कातळातील गुहांकडे पाहिले की चित्रकाराने आपल्या भोवतालचाच देखावा रंगवला आहे की काय, अशी शंका येते.

पायऱ्या तिथेही आहेत आणि खालच्या रस्त्यापासूनची वाटही चढणीची आहे, म्हणून आईंना कदाचित जमणार नाही. पण आपण एखाद्या सकाळी तासभर एकट्याने जाऊन यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आईंसाठी रूसानूच्या चर्चमधील १५६० ची चित्रे आहेत, आणि वार्लामपर्यंत मजल गेलीच तर तिथे फ्रांगोस कातेलानोस याने १५४८ मध्ये केलेले काम पाहायला मिळेल. दोघांची चित्रे एकापाठोपाठ पाहिली तर फरक डोळ्यांत भरतो: थेओफानिसची माणसे शांत उभी असतात, कातेलानोसच्या चित्रांत गर्दी आहे, हालचाल आहे, वस्त्रांना वारा लागलेला आहे.

एक सूचना. चर्चच्या आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे आणि ती सर्वांनी मनापासून पाळावी. आतला उजेड मंद असतो, म्हणून आत शिरल्याबरोबर काही दिसत नाही म्हणून लोक बाहेर पडतात. पाच मिनिटे नुसते उभे राहावे. मग आधी प्रभामंडळांचे सोने उजळते, नंतर चेहरे दिसू लागतात, आणि सर्वांत शेवटी निळी पार्श्वभूमी. हुतात्म्यांच्या छळाची दृश्ये अनेक ठिकाणी नार्थेक्सच्या भिंतीवर रंगवलेली आहेत आणि ती अंगावर येतात, याची आईंना आधी कल्पना द्यावी.

दूरदेशी (स्टुटगार्ट)

आपल्या आईंचा प्रश्न मला फार आवडला. मी सुळके चढण्याच्या निमित्ताने तिथे चार वेळा गेलो आहे, म्हणून त्यांच्याच प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम खडकाविषयी. हा सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट नव्हे. कोट्यवधी वर्षांपूर्वी नदीने पाण्याखाली आणून टाकलेले गोटे, वाळू आणि गाळ घट्ट होऊन झालेला हा पिंडाश्म आणि वालुकाश्म आहे. पुढे तो उचलला गेला, त्याला उभ्या भेगा पडल्या, आणि पाऊस-वाऱ्याने मधला भाग झिजवून हे सुळके मागे ठेवले. आईंना कड्याच्या पायथ्याशी नेऊन खडकावर हात ठेवायला सांगा. नदीतले गुळगुळीत गोटे, कोणी मुठीएवढे तर कोणी कलिंगडाएवढे, जणू सिमेंटमध्ये बसवल्यासारखे हाताला लागतील. चढणारा याच गोट्यांना धरून वर जातो, आणि प्रत्येक गोटा आधी टिचकी मारून पाहतो.

अकराव्या शतकापासून या कड्यांतील कपारींत एकेकटे तपस्वी राहत असत आणि रविवारी दुपियानीच्या लहानशा चर्चमध्ये एकत्र जमत. चौदाव्या शतकात थेसालीवर एकामागून एक स्वाऱ्या होऊ लागल्या आणि पायथ्याशी राहणे धोक्याचे झाले. याच काळात आथोस पर्वतावरून आलेल्या अथानासिओस या साधूने प्लातिस लिथोस, म्हणजे रुंद खडक, या सर्वांत मोठ्या सुळक्यावर मठ स्थापला. समुद्रसपाटीपासून ६१३ मीटर उंचीवरचा तोच आजचा मेगालो मेतेओरो. त्याचा शिष्य योआसाफ हा पूर्वाश्रमीचा राजा होता. त्रिकाला येथून राज्य करणाऱ्या सर्बियन घराण्यातील योवान उरोश याने राज्य सोडून दीक्षा घेतली आणि मठाचा विस्तार केला. भरभराटीच्या काळात इथे २४ मठ होते. आज सहा नांदते आहेत, बाकीच्यांचे अवशेष सुळक्यांवर दिसतात.

पहिला माणूस वर कसा गेला, याबद्दल तिथे अनेक कथा सांगतात. अथानासिओसला गरुडाने वर नेले, ही त्यांतील सर्वांत लोकप्रिय. भेगांत लाकडी खुंट्या ठोकून, त्यांना शिड्या बांधून टप्प्याटप्प्याने चढणे, हे चढणाऱ्याच्या बुद्धीला पटणारे उत्तर. एकदा वर पोहोचल्यावर मात्र सगळा कारभार रहाटाचा. माथ्यावर बाहेर डोकावणारा सज्जा बांधायचा, त्यात आडव्या-उभ्या लाकडांचा मोठा रहाट बसवायचा आणि दोरखंडाला आकडा लावून खाली सोडायचा. सामान असो वा माणूस, जाळ्यात घालून आकड्याला अडकवायचे आणि वर चार-पाच साधूंनी रहाट फिरवायचा. जाळ्यातला माणूस वाऱ्याने गरगर फिरत, कड्याला घासत वर येई. दोर कधी बदलता, असे विचारल्यावर ‘देवाने तुटू दिला की’ असे उत्तर मिळे, ही गोष्ट तिथे प्रत्येक वाटाड्या सांगतो. शिड्याही होत्या. त्या जोडून केलेल्या असत आणि धोका दिसला की वर ओढून घेत. कातळात खोदलेल्या पायऱ्या १९२० च्या दशकातल्या आहेत, म्हणजे आईंच्या आजीच्या पिढीत लोक अजून जाळ्यात बसून वर जात होते.

म्हणून मी वार्लामची शिफारस करतो. तिथला जुना रहाट आणि सज्जा आजही पाहता येतो. लाकूड दोराच्या घर्षणाने जिथे झिजले आहे तिथे ते काचेसारखे गुळगुळीत झाले आहे. सज्जातून खाली पाहिले की पुढे काही समजावून सांगावे लागत नाही. योआनिना येथील थेओफानिस आणि नेक्तारिओस या आप्सारास बंधूंनी सोळाव्या शतकात हा मठ पुन्हा वसवला आणि १५४१-४२ मध्ये मुख्य चर्च बांधले. मठाची परंपरा सांगते की सामान वर चढवायला २२ वर्षे लागली आणि चर्च २० दिवसांत उभे राहिले. आकड्यांचा आग्रह न धरताही हे प्रमाण खरे वाटते, कारण अशा जागी बांधणे सोपे आणि वाहणे कठीण. तिथेच सुमारे १२ हजार लिटर पाणी मावेल असे लाकडी पिंप आहे. पावसाचे पाणी साठवल्याशिवाय माथ्यावर दुसरा उपाय नव्हता. गडावरची टाकी पाहिलेल्या आईंना त्याचे महत्त्व सांगावे लागणार नाही.

आणखी एक जागा दाखवा, तिथे चढावे लागत नाही. कास्त्राकीजवळ एका उंच कपारीत संत जॉर्जच्या जुन्या मठाचे अवशेष आहेत आणि त्या कपारीवर रंगीबेरंगी रुमाल टांगलेले दिसतात. तुर्की अमलात झाडावरून पडून जखमी झालेल्या एका मुसलमान माणसाच्या पत्नीने त्याच्या प्राणांसाठी नवस केला आणि आपला बुरखा संताला वाहिला, अशी कथा आहे. दरवर्षी संत जॉर्जच्या सणाला गावातले तरुण दोरावरून कपारीत चढतात, जुने रुमाल काढतात आणि लोकांनी दिलेले नवे बांधतात. जुन्या रुमालांचे तुकडे प्रसादासारखे वाटले जातात. खाली उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाया हात पुढे करून ते घेतात, ते मी पाहिले आहे.

कातळवाट (पुणे)

तिघांचेही मनापासून आभार. सर्व प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवले. रहाटाचा परिच्छेद तिने दोनदा वाचायला लावला. बेत असा ठरला आहे: तीन रात्री कालाम्बाकाला मुक्काम, पहिल्या दिवशी आगिओस स्तेफानोस, दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त वार्लाम, आणि तिसऱ्या दिवशी रूसानू. मेगालो मेतेओरो ती रस्त्यावरूनच पाहील. तिसऱ्या दिवशी पहाटे मी एकटी कास्त्राकीहून चालत अनापाफ्साससाठी निघेन.

एक शंका उरली. आई प्रवासात सुती नऊवारी नेसते आणि मी सलवार-कमीज घालते. स्त्रियांना घागऱ्यासारखेच वस्त्र लागते असे वाचले. दाराशी अडवतात का?

मुक्काम पोस्ट (नाशिक)

नियम असा की पुरुषांनी पूर्ण विजार घालावी, आणि स्त्रियांचे खांदे झाकलेले असावेत व गुडघ्याखाली जाणारा घागरा असावा. विजार घातलेल्या स्त्रियांना दाराशी कमरेभोवती गुंडाळायचे वस्त्र देतात. माझ्या सलवारीवर मला तीनही ठिकाणी ते गुंडाळावे लागले. आपण घरूनच एक लांब ओढणी किंवा लुंगीसारखे कापड न्या, म्हणजे दाराशी खोळंबा होणार नाही.

सासूबाई गोल साडी नेसल्या होत्या. त्यांना कोणी काही म्हटले नाही, फक्त पोट व पाठ झाकली जावी म्हणून मी त्यांच्या अंगावर शाल घातली होती. नऊवारीला मागे कासोटा असतो, तेव्हा आईंसाठीही वरून गुंडाळायला एक कापड जवळ असू द्या. आगिओस स्तेफानोसच्या दाराशी बसलेल्या साध्वीने सासूबाईंचा पदर बोटांत धरून काठ निरखला आणि खुणेने विचारले, हे हाताने विणले आहे का. सासूबाईंनी मान हलवली. मग त्या दोघींनी बराच वेळ एकमेकींची भाषा न कळता विणकामाच्या खुणा केल्या आणि आम्ही तिकिटे घेऊन बाजूला उभे राहिलो.

बघे म्हणून जाण्याचा आपला संकोच मला समजतो. प्रार्थनेची वेळ झाली की मठात लाकडाची लांब फळी हातोडीने वाजवतात. तो ठेका कानी पडला तर चालणे थांबवा, आईंना भिंतीलगतच्या बाकावर बसवा आणि फळीचा आवाज थांबेपर्यंत तिथेच राहा. आम्ही तसेच बसलो होतो आणि आम्हाला कोणी उठवले नाही.